फुकटचा प्रॉक्सी लावण्याआधी हे वाचा, आणि लावून फसला असाल तर हेही

चवथीच्या सुट्टीत साखळीहून मावसभाऊ लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला दादा नेटच चालत नाही, वायफाय फुल दाखवतंय, फोनवर सगळं चालतंय, पण लॅपटॉपवर काहीही उघडलं की प्रॉक्सी सर्व्हरशी कनेक्ट होत नाही असा मेसेज. खोदून विचारलं तेव्हा कळलं, कॉलेजच्या वायफायवर ब्लॉक असलेली एक साइट बघायला त्याने फुकटचा प्रॉक्सी, म्हणजे आपलं नेट स्वतःमार्फत वळवणारा मधला सर्व्हर, शोधला, त्याच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम आला, तो इन्स्टॉल केला, दोन दिवसांनी अँटीव्हायरसने तो उडवला आणि नेट गेलं. मी फोंड्यात कम्प्युटर रिपेअरचं काम करतो, असे लॅपटॉप बरेच येतात, म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी एक गैरसमज. प्रॉक्सीमुळे समोरच्या साइटला तुमचा आयपी, म्हणजे तुमचा नेटवरचा पत्ता, दिसत नाही म्हणून व्हायरसही येणार नाही असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं. आपण गावातून पणजीला बसच्या कंडक्टरकडे डबा पाठवतो ना, प्रॉक्सी म्हणजे तो कंडक्टर. डबा तो पोचवतो, पण वाटेत उघडून बघू पण शकतो, आत काहीतरी टाकू पण शकतो. ओळखीचा असेल तर काळजी नाही, पण फुकट प्रॉक्सीच्या यादीतला तो आयपी कोणाचा आहे हे तुम्हाला कुठे ठाऊक असतं?

डब्याला सील म्हणजे एचटीटीपीएस. ॲड्रेस एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर प्रॉक्सीवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं कळतं, आतला मजकूर वाचता येत नाही. नुसतं एचटीटीपी असेल तर तो पानात जाहिराती, स्क्रिप्ट घुसवू शकतो, आणि तुम्ही सेटअप फाइल डाउनलोड करत असाल तर ती बदलून दुसरीच देऊ शकतो. म्हणून ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस ओन्ली मोड चालू ठेवा आणि प्रॉक्सी चालू असताना सॉफ्टवेअर डाउनलोड करूच नका, आणि सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याची, वॉर्निंग आली तर पुढे जा असं दाबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठलाही फुकटचा प्रॉक्सी "आमचं सर्टिफिकेट इन्स्टॉल करा" म्हणाला तर तिथेच थांबा. ते रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीचे दाखले खरे मानायला लावणारा मूळ दाखला, एकदा तुमच्या मशीनवर बसलं की सील तोडून परत तसंच लावायचं साधन त्याच्या हातात जातं, बँकेचा पासवर्डसुद्धा तो वाचू शकतो आणि ब्राउझर काहीच ओरडत नाही. काही ऑफिसांच्या मशीनवर ऑफिसचंच असं सर्टिफिकेट असतं, ते ठीक आहे, पण मग त्या मशीनवर स्वतःची बँकिंग नको.

दुसरं, प्रॉक्सीसाठी प्रोग्रॅम लागतोच असं नाही, सेटिंगमध्ये ॲड्रेस आणि पोर्ट नंबर टाकला की झालं. प्रोग्रॅम गळ्यात मारला जातो तेव्हा बऱ्याचदा उलटंच होतं, तुमचंच मशीन दुसऱ्यांसाठी प्रॉक्सी बनतं. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेने ९११ एस५ नावाचं जाळं बंद पाडलं, त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी ॲड्रेस होते, आणि मशीनं त्यात अडकली होती ती फुकटच्या व्हीपीएन (प्रॉक्सीसारखंच नेट दुसरीकडून वळवणाऱ्या) ॲपमधून. गुन्हेगार लोकांच्या घरच्या आयपीवरून फसवणूक करत होते आणि त्या घरच्यांना पत्ता नव्हता.

प्रॉक्सी लागतच असेल तर फक्त फायरफॉक्समध्ये लावा, त्याची प्रॉक्सी सेटिंग वेगळी करता येते, म्हणजे बाकीचं मशीन आणि अपडेट थेट नेटवरून जातात. बँक, यूपीआय, मेल दुसऱ्या ब्राउझरमध्ये.

आता भावाच्या लॅपटॉपचं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी असं गेलो तर तिथे १२७.०.०.१ लिहिलेलं. हा आपल्याच मशीनचा पत्ता. त्या प्रोग्रॅमने मशीनवरच छोटा प्रॉक्सी बसवून सगळं नेट त्यातून वळवलं होतं, अँटीव्हायरसने प्रोग्रॅम काढला पण सेटिंग तशीच राहिली, मग नेट जाणार कुठून. यूज अ प्रॉक्सी सर्व्हर बंद केलं, खाली सेटअप स्क्रिप्टमध्ये अनोळखी लिंक होती तीही काढली, नेट आलं. पण रीस्टार्ट केल्यावर सेटिंग परत जशीच्या तशी! असं झालं तर समजा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, अजून आत आहे. नेट तोडून विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं घेतं, पावसात लाइट जाते तेव्हा चार्जर आणि बॅटरी दोन्ही बघून घ्या. मग अनोळखी प्रोग्रॅम आणि ब्राउझरची एक्स्टेंशन काढा. स्टार्टमध्ये मॅनेज युजर सर्टिफिकेट्स टाइप करून ट्रस्टेड रूटच्या यादीत तुम्ही बसवलेलं सर्टिफिकेट शोधून डिलीट करा, बाकीच्यांना हात लावू नका, विंडोजला ती लागतात. एवढं करूनही सेटिंग परत आली तर डेटा कॉपी करून विंडोज नवीन टाका, वेळ वाचतो. भावाचं शेवटी तेच करावं लागलं.

पासवर्ड त्याच मशीनवर बदलू नका, घरातल्या दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, मेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीचे रीसेट तिथेच येतात. खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन वगैरे नंतर, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा आणि बँकेला कळवा.