घरची एस्प्रेसो आंबट, कडू, पाणचट? या चुका टाळा

घरी एस्प्रेसो, म्हणजे दाबाच्या पाण्याने काढलेली छोटी कडक कॉफी, करायला लागलेल्या कुणाचाही फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मशीन खराब निघालं." माझा पहिला प्रश्नही ठरलेला आहे: कॉफी दळता कशात?

उत्तर येतं, मिक्सरमध्ये. मग पुढचं बोलणंच खुंटतं. मिक्सरचं पातं कॉफी दळत नाही, फोडतं. भांड्यात बोट फिरवून बघा. तळाशी मैद्यासारखी भुकटी, वर इडली रव्याएवढे कण. मैद्यातून कडूपणा उतरतो, रव्यातून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. मग कुठल्या बाजूने सुधारणार? एस्प्रेसोला जात्याच्या जातीचं यंत्र लागतं, दोन दातेरी चकत्यांमधून सारखं दळणारं, म्हणजे बर ग्राइंडर. हाताने फिरवायचा घेतला तरी चालेल, फक्त एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा घ्या. पैसे कमी असतील तर मशीन साधं घ्या, ग्राइंडरवर काटकसर करू नका. घाई असलेले लोक नेमकं उलटं करतात आणि सहा महिन्यांनी मशीन विकायला काढतात.

माटुंग्याहून आणलेली फिल्टर कॉफीची पूड मशीनमध्ये घालू नका. ती मलाही प्रिय आहे, पण ती फिल्टरसाठी, जिथे पाणी आपल्याच वजनाने थेंबथेंब उतरतं. इथे साधारण ९ बारचा (बार हे दाबाचं माप) दाब असतो, त्याला ते दळण जुळत नाही. शिवाय तिच्यात बहुतेकदा चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, असते, आणि चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे.

दुसरी चूक फ्रिजची. गेल्या जुलैत मुलुंडच्या आतेभावाचा फोन आला. "दादा, रोज वेगळी चव येते. काल कडूजहर, आज चिंचेचं पाणी. मशीन परत करू का?" ग्राइंडर चांगला, बिया चिकमगळूरच्या, भाजून दोनच आठवडे झालेल्या. रविवारी गेलो. बाहेर धो धो पाऊस, स्वयंपाकघराच्या भिंतींना ओल. त्याने फ्रिज उघडला, बियांची बरणी काढली, झाकण उघडलं आणि बिया ग्राइंडरमध्ये ओतल्या. बरणी परत फ्रिजमध्ये गेली.

मी एक बी उचलून बोटांत धरली. गार होती, आणि बघता बघता तिच्यावर बारीक दव धरलं. दमट हवेत गार वस्तू उघडली की पाणी धरणारच, फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरून धरतं तसंच. दळल्यावर पुडीचे गोळे झाले. बास्केटमध्ये, म्हणजे पूड भरायच्या जाळीदार वाटीत, गोळे म्हणजे काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी पोकळ. दाबाखालचं पाणी पोकळ वाट शोधतं आणि तिथूनच सुसाट निघतं. बाकीच्या कॉफीला ते शिवतही नाही. शॉट (एका वेळची एस्प्रेसो) झाल्यावर चोथ्याची वडी उलटी पाडली, तर कडेला टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं. तीच ती वाट.

त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "पण मलबारला तर कॉफी मुद्दाम मान्सूनच्या हवेत ठेवतात ना?" ठेवतात, पण कच्च्या बिया. मान्सून्ड मलबारच्या बिया भाजण्याआधी ओल्या वाऱ्यात फुगवतात. भाजलेल्या बियांना ओल लागली की सुगंध मरतो. त्या दिवशी बरणी ओट्याखालच्या कपाटात गेली. मी स्वतः २५० ग्रॅमच्या वर पाकीट आणत नाही, हवाबंद डब्यात ठेवतो आणि तीन आठवड्यांत संपवतो. पावसाळ्यात ग्राइंडरमध्ये रात्रभर बिया राहू देत नाही. लागतील तेवढ्याच मोजून टाकतो.

मोजण्यावरून आठवलं. चमच्याने माप घेणं सोडा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणा. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, पंप सुरू झाल्यापासून २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करा. १५ सेकंदांत कप भरला आणि चव आंबट, तर दळण बारीक करा. ४५ सेकंद थेंब थेंब गळत राहिली आणि घसा कडू झाला, तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, वजन आणि टॅम्पिंगचा (टॅम्परने, म्हणजे दट्ट्याने, पूड दाबण्याचा) जोर तिन्ही एकदम बदलणाऱ्याला काय सुधारलं ते कधीच कळत नाही. आणि आंबट आली म्हणून टॅम्पर जीव खाऊन दाबू नका. पूड सपाट आणि सारखी बसली की पुरे.

बिया घेताना 'बेस्ट बिफोर' नको, भाजल्याची तारीख बघा. तारीखच छापली नसेल तर पाकीट परत ठेवा. कालच भाजलेल्याही घाईने उघडू नका. आतला वायू निघायला आठवडाभर द्या, नाहीतर नुसता फेस येतो.

मशीनच्या खोक्यावरच्या १५ बारला भुलू नका, एस्प्रेसोला साधारण ९ बारच लागतात.

बॉयलरचं, म्हणजे आत पाणी तापवायची टाकी असलेलं मशीन पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा) लावून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. दिवा लागला म्हणजे धातू तापला असं नाही.

पाण्याचं मात्र मुंबईकर विसरतात. भातसा-वैतरणेचं पालिकेचं पाणी मऊ असतं, ते साध्या गाळणीच्या फिल्टरमधून मशीनला चालतं. आरओचं पाणी चवीचे क्षारही काढून टाकतं, कॉफी पोकळ लागते. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर लागले की सावध राहा. ते पाणी बोअरचं असेल तर जड असतं. तुमच्या किटलीच्या तळाला पांढरा थर धरला, की तोच थर मशीनच्या बॉयलरमध्येही धरतोय. मी त्या महिन्यात मशीनमध्ये आरओ आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घालतो, आणि पाऊस सुरू झाला की एकदा डीस्केल करून, म्हणजे आतला क्षारांचा थर काढून घेतो.