छोटी इलेक्ट्रिक गाडी: शोरूमआधी पार्किंग बघा

ब्रोशरवरचा रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते याचा, आकडा चाचणीतला असतो. दोन गाड्यांची तुलना करायची तर बॅटरी किती युनिटची (ब्रोशरवर kWh), हे आधी विचारा. एमजी कॉमेटची 17.3 युनिटची, टाटा टियागोची 19.2 किंवा 24. एसी लावून, चार माणसं बसवून एका युनिटला सात-आठ किलोमीटर धरा आणि गुणाकार करा. म्हणजे कॉमेट एकशेवीस-एकशेचाळीसच्या आसपास. पुण्यात कोथरूड ते हडपसर रोज जाऊन-येऊनही भरपूर उरतं.

खरी गंमत चार्जिंगची. टियागोला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे वाटेतल्या स्टेशनवर झटपट चार्ज करायची सोय, आहे; कॉमेटला नाही. त्यामुळे महिन्यातून दोनदा कोल्हापूर गाठायचं असेल, तर कॉमेटचा विषय तिथेच संपला. पण फक्त पेठांमधून फिरायचं असेल, तर कॉमेटसारखी तीन मीटरपेक्षा आखूड गाडी कुठेही घुसते. तिला डिकी मात्र जवळपास नाहीच. मंडईतली पिशवी मागच्या सीटवर ठेवावी लागते.

टेस्ट ड्राइव्ह सोसायटीभोवती नको, कात्रजच्या घाटात मागा. पायथ्याशी बॅटरीची टक्केवारी लिहून घ्या, वर पोचल्यावर पुन्हा. आम्ही हे केलं तेव्हा सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि हो, बुकिंगआधी पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि सोसायटीची लेखी परवानगी मिळवा. साध्या घरगुती चार्जरने तासाला जेमतेम तीन युनिट भरतात, पूर्ण चार्ज व्हायला रात्र लागते. चौथ्या मजल्यावरून वायर सोडायचा विचारही करू नका.