आबरडारॉनला निघण्याआधी

वेल्सच्या लीन द्वीपकल्पाच्या टोकावरच्या आबरडारॉनला जायचं पक्कं झालं, की बॅगेआधी दिवसांचा हिशेब करा. लंडनहून सकाळी जाऊन रात्री परत, असं हे गाव नाही. तीन रात्री धरा आणि त्यातला एक दिवस कोरा सोडा. समोरच्या बार्डझी बेटावर जाणारी होडी हवामान बघून सुटते. मधल्या सामुद्रधुनीत पाण्याची ओढ जबरदस्त असते, त्यामुळे ऊन पडलेलं असूनही फेरी रद्द होऊ शकते. होडीचं बुकिंग पहिल्या दिवसाचं घ्या, म्हणजे हुकली तर पुढचा दिवस हाताशी राहतो. पाट्यांवर बेटाचं वेल्श नाव अनिस एन्हली असतं, तेही टिपून ठेवा.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा पुरे, वेल्सचा वेगळा लागत नाही. रेल्वे पुल्हेलीपर्यंतच जाते, पुढे बस. बसच्या परतीच्या वेळा आधीच बघा, शेवटची गेली तर टॅक्सीवर फार विसंबू नका. गाडी चालवणार असाल तर आपलं लायसन्स चालतं आणि डावी बाजूही सवयीचीच. मात्र रस्ते एकपदरी, दोन्हीकडे उंच कुंपणं, आणि समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायची तयारी हवी. रस्त्यावर ‘आराफ’ रंगवलेलं दिसलं की वेग कमी करा. वस्तीत बहुतेक ठिकाणी ताशी 20 मैलांची मर्यादा आहे.

छत्री घरीच ठेवा, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट, एकावर एक घालता येतील असे कपडे आणि पकड असलेले बूट, एवढ्यावर भागतं. खाऊ म्हणून भडंग, चिवडा, मेतकूट न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र नको, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला मनाई आहे. आईने कितीही आग्रह केला तरी.

आता ज्यासाठी जायचं ते. संत हविन यांचं चर्च समुद्राला अगदी खेटून आहे. इतकं, की लाटा ते गिळतील या धास्तीने 1841 मध्ये गावाने वरच्या बाजूला दुसरं बांधलं, पण लोकांचं मन तिथे रमलं नाही आणि दुरुस्ती करून पुन्हा इथेच प्रार्थना सुरू झाली. दार बाराव्या शतकातलं, नॉर्मन धाटणीचं. आत जाण्याआधी चपला काढायची गरज नाही, प्रार्थना चालू असेल तर मात्र बाहेर थांबा. आत दोन गुळगुळीत धोंडे उभे आहेत, पाचव्या-सहाव्या शतकातले. त्यांच्यावर लॅटिनमध्ये वेराकियस आणि सेनाकस या धर्मगुरूंची नावं कोरली आहेत. सेनाकसच्या दगडावर तो ‘अनेक बंधूंसोबत’ इथे विसावलाय, असं लिहिलंय. अक्षरं झिजलेली आहेत. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा, सरळ समोरून नको, म्हणजे रेघा उठून येतात. फ्लॅशने फोटो काढलात तर काहीच दिसणार नाही. दानपेटीसाठी एक-दोन पौंडांची नाणी खिशात असू द्या.

हे सगळं संतांच्या बेटाच्या वाटेवरचं ठाणं. बार्डझीला तीन वेळा जाऊन आलं की रोमच्या एका यात्रेचं पुण्य, असं मध्ययुगात मानत. वीस हजार संत तिथे पुरलेत, ही परंपरा आहे, त्याचे पुरावे शोधत बसू नका. यात्रेकरूंना जिथे जेवू घालत, ती अ गेगिन वाउर नावाची जुनी इमारत गावात अजून आहे, आज तिथे कॅफे चालतो. तिथे बारा ब्रीथ हा मनुक्यांचा पाव लोणी लावून मागवा.

होडी पोर्थ मायडुईच्या छोट्या खाडीतून सुटते. गाडी वर लावून खाली चालत जावं लागतं, तेव्हा वेळेच्या अर्धा तास आधी निघा. बेटावर पाणी आणि डबा सोबत असू द्या, उलटीची गोळी होडीत बसण्याआधीच घ्या. दुर्बीण असेल तर जरूर घ्या, करड्या सीलचा कळप खडकांवर पहुडलेला असतो. गावाच्या किनाऱ्यावर फिरायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याच दिवशी सकाळी बघा, आदल्या दिवशीच्या वेळांवर जाऊ नका.