गजकर्णाचं मलम चालेना? बायोप्सीआधी हे पाहा

सोलापूरच्या उन्हाळ्यात कमरेवर, मांडीवर चट्टा दिसला की तो गजकर्णच ठरतो आणि मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम येतं. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचा संथ टी-सेल लिम्फोमाही (टी-सेल या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) असाच दिसतो: कपड्याखालच्या भागात, वर्षानुवर्षं. सावळ्या तरुणांत चट्टे फिकटही असतात. तिथे संवेदना तपासून कुष्ठरोग आधी वगळावा.

बायोप्सीआधी डॉक्टरांना विचारून ते मलम २ ते ४ आठवडे थांबवा, नाहीतर नमुन्यात रोगाच्या पेशी विरळ होतात आणि अहवाल ‘साधा इसब’ येतो. ४ ते ६ मिलिमीटरचे पंच (त्वचेचे छोटे गोल तुकडे), तेही दोन-तीन वेगळ्या चट्ट्यांतून, नमुना टिकवणाऱ्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. सोबत टी-पेशी ओळखणाऱ्या खुणांच्या चाचण्या: सीडी३, सीडी४, सीडी७, सीडी८. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून फाइल मिटवू नये. चट्टे टिकले तर काही महिन्यांनी पुन्हा नमुना घ्यावा. निदानाला वर्षं लागणं इथे नेहमीचंच.

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण १ टक्का त्वचा. चट्टे १० टक्क्यांहून कमी आणि गाठी नसतील तर तीव्र स्टेरॉइड मलम (हो, तेच, पण निदानानंतर, देखरेखीखाली) किंवा आठवड्यातून दोन-तीनदा एनबी-यूव्हीबी (अतिनील प्रकाशोपचार) बहुधा पुरते. केमोची घाई नको. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, सुजलेली लसीकाग्रंथी किंवा अंगभर लाली दिसली तर मात्र लगेच कॅन्सरतज्ज्ञ गाठा.