लॉ स्कूलचा अर्ज आणि कोवळ्या वयातली पोलीस केस: या चुका टाळा

सतराव्या वर्षी दुकानातून काहीतरी उचललं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी खोटं ओळखपत्र दाखवून बिअर घेतली. मित्राच्या गाडीत गांजा सापडला आणि सगळ्यांनाच पकडलं. अमेरिकेत लॉ स्कूलला अर्ज करायची वेळ आली की असं काहीतरी मागे असलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, धरून चालतात की चांगल्या लॉ स्कूलचं दार आता बंद. बहुतेक वेळा ते बंद नसतं. रेजिनाल्ड ड्वेन बेट्स यांना १९९६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बळजबरीने गाडी पळवल्याबद्दल अटक झाली आणि त्यांनी आठ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. २०१६ साली ते येल लॉ स्कूलमधून पदवीधर झाले. कनेटिकटमध्ये त्यांचा सनदेचा अर्ज आधी अडवून धरला गेला, पण २०१७ साली त्यांना सनद मिळाली.

आता दुसरं उदाहरण बघा. स्टीफन ग्लास यांनी गुन्हा केलेला नव्हता. तरुणपणी पत्रकार असताना त्यांनी बनावट बातम्या लिहिल्या होत्या. पुढे ते कायदा शिकले आणि वर्षानुवर्षं सनदेसाठी झगडले. २०१४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सनद नाकारली. नकाराच्या कारणांत एक कारण असं होतं की न्यूयॉर्कच्या सनदेच्या अर्जात त्यांनी आपल्या बनावट लेखांची यादीसुद्धा अपुरी दिली होती. वकिलीत जुनी चूक बऱ्याचदा माफ होते, ती लपवणं सहसा माफ होत नाही. खालच्या बहुतेक चुका या लपवण्याच्याच वेगवेगळ्या तऱ्हा आहेत, आणि त्यातल्या कितीतरी नकळत होतात.

प्रश्न अर्धवट वाचणं

सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. अर्ज एलसॅकच्या, म्हणजे लॉ स्कूलचे अर्ज गोळा करणाऱ्या संस्थेच्या, एकाच खात्यातून जातात, त्यामुळे 'कॅरेक्टर अँड फिटनेस'चा, म्हणजे चारित्र्य आणि आधीच्या कारवायांबद्दलचा, प्रश्नही सगळीकडे सारखाच असेल असं वाटतं. तसं नसतं. एक शाळा फक्त दोषी ठरलात का एवढंच विचारते, दुसरी आरोप ठेवला गेला होता का विचारते, तिसरी साधी अटकसुद्धा सांगायला लावते. कुणी वाहतुकीचे किरकोळ दंड वगळतं, कुणी वगळत नाही. बालन्यायालयातली प्रकरणं सांगू नका असं काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं, तर काही ठिकाणी ती मुद्दाम मागितलेली असतात.

म्हणून एका शाळेचं उत्तर दुसरीकडे जसंच्या तसं चिकटवू नका. प्रत्येक शाळेचा प्रश्न शब्दशः एका कागदावर उतरवून घ्या आणि आपलं प्रकरण प्रत्येक क्रियापदाशी ताडून बघा. समजा, प्रकरण 'डायव्हर्जन'मध्ये, म्हणजे ठरलेल्या अटी पाळल्या तर खटला सोडून देण्याच्या योजनेत, गेलं, समाजसेवेचे तास भरले आणि खटला रद्द झाला. मग 'दोषी ठरलात का' याचं उत्तर 'नाही' असू शकतं आणि 'आरोप ठेवला होता का' याचं 'हो'. दोन्ही उत्तरं खरी आहेत. मात्र दोषी मानलं गेलं होतं की नव्हतं, हे आठवणीवरून ठरवू नका, न्यायालयाच्या कागदावरून ठरवा. प्रश्न संदिग्ध वाटला तर त्या शाळेच्या प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. नाव न सांगताही विचारता येतं.

'रेकॉर्ड पुसलंय, आता विसर'

फौजदारी वकिलाने हे सांगितलेलं असतं, आणि घरभाड्याच्या किंवा साध्या नोकरीच्या अर्जापुरतं ते अनेकदा बरोबरही असतं. सनदेचं तसं नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात तर सीलबंद आणि पुसलेल्या नोंदींबाबत बारच्या, म्हणजे वकिलीची सनद देणाऱ्या यंत्रणेच्या, अर्जदारांसाठी खास अपवाद आहे, म्हणजे तिथे सनद हवी असेल तर पुसलेली नोंदही सांगावी लागते. सील करून घेणं चांगलंच आहे, पण त्याने प्रश्न वाचायची जबाबदारी संपत नाही. ज्या राज्यात वकिली करायची आहे तिथल्या बारचा अर्ज आत्ताच उघडून बघा, तीन वर्षांनी नको. बार तुमचा लॉ स्कूलचा अर्ज मागवून घेऊ शकतो आणि दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचू शकतो. इकडे 'हो' आणि तिकडे 'नाही' दिसलं की विषय जुन्या बिअरचा राहत नाही.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: राज्याने पुसलेली शिक्षा इमिग्रेशनच्या दृष्टीने सहसा पुसली जात नाही. त्यासाठी इमिग्रेशनचाच वकील गाठा.

आठवणीवर लिहिणं

आईला एक तारीख आठवते, मुलाला दुसरी, आणि कलम कुणालाच आठवत नाही. न्यायालयाच्या लिपिक कार्यालयातून निकालाची प्रमाणित प्रत आणि पोलिसांकडून अहवाल मागवा. नोंदच उरली नसेल तर 'नोंद सापडत नाही' असं लेखी घ्या. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, कागदांना वेळ लागतो, तेव्हा उन्हाळ्यातच कामाला लागा. कॉलेजच्या वसतिगृहात झालेली शिस्तभंगाची कारवाईही तपासा. पोलीस आलेच नव्हते म्हणून ती सोडून दिली जाते, आणि कॉलेजच्या डीनच्या प्रमाणपत्रातून ती बाहेर येते.

पुरवणी पत्रात वकिली करणं

'अ‍ॅडेंडम' म्हणजे घटनेचं स्पष्टीकरण देणारं पत्र. त्यात साधारण असं वाचायला मिळतं: 'मी चुकीच्या संगतीत होतो. पोलिसांनी गैरसमजातून मला पकडलं. या अनुभवाने मला न्यायाचं खरं मोल शिकवलं.' वाचणाऱ्याला यातून ना काय घडलं ते कळतं, ना त्याचं पुढे काय झालं ते.

त्याऐवजी असं लिहा: 'मार्चमध्ये, सतरा वर्षांचा असताना, मी एका दुकानातून हेडफोन खिशात घालून बाहेर पडलो. दाराशी पकडला गेलो. चोरीचा आरोप ठेवला गेला. मी ४० तास समाजसेवा केली आणि त्याच वर्षी खटला रद्द झाला. हेडफोन मला परवडत नव्हते असं नाही, पकडला जाणार नाही असं वाटलं म्हणून घेतले. त्यानंतर माझ्यावर कुठलीही कारवाई झालेली नाही. न्यायालयाचा आदेश सोबत जोडला आहे.' त्यातलं ते 'पकडला जाणार नाही असं वाटलं' हे वाक्य लिहायला जड जातं, पण वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो. अर्ध्या पानात हे सगळं मावतं.

बार परीक्षकांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक निकषांत त्या वेळचं वय, मध्ये गेलेला काळ, गुन्ह्याचं गांभीर्य, पुनर्वसनाचा पुरावा आणि अर्जातला प्रामाणिकपणा या गोष्टी आहेत. कोवळं वय तुमच्या बाजूनेच मोजलं जातं, त्यासाठी रडगाणं गायची गरज नाही. सुधारणा दाखवायची तर सलग टिकलेली नोकरी किंवा वर्षानुवर्षं चाललेलं काम दाखवा. अर्जाच्या आदल्या महिन्यात सुरू केलेलं स्वयंसेवेचं काम चटकन ओळखू येतं.

आणि मुख्य निबंध त्या घटनेवर खर्च करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बेट्स यांच्यासारखं सगळं आयुष्यच त्यातून घडलं असेल तर गोष्ट वेगळी. हेडफोनच्या चोरीवर दोन पानं लिहिलीत तर समितीला तुमच्याबद्दल तेवढंच लक्षात राहील.

अर्ज आधीच गेला असेल तर

चूक नंतर लक्षात आली तर थांबू नका. प्रवेश कार्यालयाला लेखी कळवा: काय राहून गेलं, का राहिलं, सोबत कागद. अर्ज पाठवल्यानंतर नवीन काही घडलं तरी कळवणं बंधनकारक असतं. प्रवेश मिळून वर्गात बसला असाल तर विद्यार्थी विभागाच्या डीनकडे जा. अर्जात दुरुस्ती करून घेण्याची पद्धत बहुतेक शाळांत असते. टेक्सससारख्या काही राज्यांत बारची तपासणी लॉ स्कूलमध्ये असतानाच सुरू होते, म्हणून पहिल्या सत्रातच हे उरका. बारने विचारण्याआधी केलेल्या दुरुस्तीची तारीख पुढे तुमच्या बाजूने बोलते. दुरुस्तीच्या पत्राची प्रत, पोचपावती आणि शाळेचं उत्तर एकाच फाइलमध्ये ठेवा, बारच्या अर्जाला तीच जोडायची आहे.