पाचशे डॉलरची रेसकार: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती आणि डिकीत बर्फ खरवडायचं प्लास्टिकचं खोरं पडलं होतं. १९९७ ची माझदा प्रोटेजे. चार दारं, पाच गिअर, विटलेला सोनेरी रंग, दोन लाख मैलांपुढे गेलेलं मीटर. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने मागच्या चाकांवरचा पत्रा खाल्ला होता. मालकीणबाईंनी साडेचारशे डॉलर सांगितले, आम्ही चौघांनी वर्गणी काढून तिथेच मोजून दिले. आठ महिन्यांनी तीच गाडी साउथ हेवनच्या जिंजरमन रेसवेवर साठ-सत्तर गाड्यांच्या गर्दीत पळत होती.

मी सांगलीचा. वडिलांचं गॅरेज आहे, पण इंजिनिअरिंगला गेल्यापासून त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. पुण्यात शिकताना बाहा एसएई इंडियाच्या (कॉलेजच्या मुलांनी स्वतः गाडी बांधून पळवायची स्पर्धा) टीममध्ये होतो, मग एम.एस.साठी मिशिगनला आलो आणि डेट्रॉइटजवळ नोकरीला लागलो. दरवर्षी नवीन आलेली दोन-चार मुलं-मुली विचारतात, ‘दादा, पैसे नसताना रेसिंगमध्ये शिरायचं कसं?’ त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगतो, ते इथे एकत्र लिहितो आहे.

आमची शर्यत ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या मालिकेतली. जे लॅम यांनी ती २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑल्टामाँटच्या ट्रॅकवर सुरू केली. फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत प्रसिद्ध आहे, आणि अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. दोन्ही मिळून हे नाव झालं. नावात २४ तास असले तरी बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवार मिळून चौदा-पंधरा तास गाडी पळते. मधल्या रात्री शर्यत थांबते आणि सगळा पिट, म्हणजे ट्रॅकशेजारची गाड्या दुरुस्त करायची जागा, बॅटऱ्या लावून गाड्यांखाली शिरतो.

नियम असा की गाडीवर पाचशे डॉलरच्या वर खर्च करायचा नाही. मात्र पिंजरा (गाडी उलटली तरी ड्रायव्हर चिरडू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा), सीट, पट्टे, आग विझवायची यंत्रणा, ब्रेक, चाकं आणि टायर यांचा खर्च त्यात धरत नाहीत. गाडीतून काढलेले भाग विकले तर ते पैसे वजा करता येतात. तपासणीत पंच गाडीभोवती फिरतात, आणि तुम्ही इंजिनात पैसे ओतलेत असं त्यांना वाटलं तर हिरवा झेंडा पडायच्या आधीच दंडाच्या फेऱ्या लावतात. हा नियम मी कितीतरी वेळा वाचला आणि दरवेळी मला तो शहाणपणाचा वाटला. माणूस जिवंत राहावा आणि गाडी थांबावी, यासाठी हवा तितका खर्च करा; ती जोरात पळावी म्हणून मात्र करू नका, असं तो सरळ सांगतो. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. आमच्यातही पहिल्या बैठकीत तासभर चर्चा झाली ती सायलेन्सर आणि एअर फिल्टरची.

तर आधी पैशांचं बोलू, कारण ‘पाचशे डॉलर’ ऐकून पुष्कळजण फसतात. आमचा पहिल्या शर्यतीपर्यंतचा हिशेब असा झाला: गाडी ४५०, पिंजरा २,२००, सीट-पट्टे-खिडकीची जाळी-अग्निशमन मिळून १,४००, ब्रेक-टायर-चाकं १,३००, चौघांचे हेल्मेट, सूट, बूट, हातमोजे आणि मानेचं उपकरण ३,६००, प्रवेश फी १,६००, ट्रेलर आणि पेट्रोल ४५०. एकूण अकरा हजार, म्हणजे माणशी पावणेतीन हजार डॉलर. गाडीची किंमत यात चार टक्क्यांच्या आसपास आहे. दुसऱ्या शर्यतीला यातलं बरंचसं पुन्हा घ्यावं लागत नाही, पण पहिल्या वर्षाची तयारी ठेवा. कर्ज काढून हे करू नका. टीममध्ये चार खरे भागीदार नसतील तर थांबा.

गाडी निवडताना कंटाळवाणी गाडी निवडा. हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी, हाताने गिअर टाकायची, आणि जिचे भाग भंगारवाल्याकडे ढिगाने मिळतात अशी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल शर्यतीत तापून जातं, तिकडे जाऊ नका. १९९५ च्या मॉडेलपासून आलेली डॉज निऑन दोन लिटरच्या इंजिनामुळे लोकप्रिय आहे. होंडा सिव्हिक आणि टोयोटा कोरोला तर असतातच. आम्ही प्रोटेजे घेतली त्याला एक कारण होतं. तिच्या ईएस आवृत्तीत माझदाचं १.८ लिटरचं बीपी घराण्याचं इंजिन असतं, १२२ अश्वशक्तीचं. त्याच घराण्याचं इंजिन १९९४ पासूनच्या मियाटात, माझदाच्या दोन सीटांच्या छोट्या स्पोर्ट्‌स कारमध्ये, आहे, आणि मियाटा इथल्या हौशी शर्यतींत जिकडेतिकडे दिसते. त्यामुळे ते इंजिन कुठे तापतं, कुठे गळतं, तासन्‌तास पिळल्यावर आधी काय जातं, हे सांगणारी माणसं प्रत्येक पिटात भेटतात. जिच्या इंजिनाची भावकी आधीच शर्यतीत आहे, अशी साधी गाडी शोधा. आपल्याकडे हेच काम मारुती एस्टीमने केलं. रस्त्यावरून दिसेनाशी झाल्यावरही ती श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर आणि रॅलींमध्ये कितीतरी वर्षं पळत राहिली.

इंजिनाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. ऑइल, प्लग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नवा रेडिएटर आणि रबरी पाइप बदलले. ऑइलच्या दाबाचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन खरे काटे बसवले, कारण कंपनीच्या डॅशबोर्डवरचा दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. लांब वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जमतं आणि पंप हवा ओढतो. काटा वळणात पडतो का, ते पहिल्याच दिवशी बघा. बस.

पिंजऱ्यावर मात्र आमचे दोन महिने गेले. आधी गाडी पूर्ण सोलली. सीटा, गालिचे, छताचं कापड, दारांचे पुठ्ठे, एअरबॅग सगळं काढलं. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं, म्हणून बॅटरीची वायर काढून बराच वेळ थांबल्याशिवाय तिला हात लावू नका. फरशीवर आवाज दाबणारा डांबरासारखा थर असतो, त्यावर कोरडा बर्फ पसरला की तो कडक होतो आणि हातोडीने तुकडे पडतात. ते तुकडे उचलताना आमच्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याने, तोच आमच्यातला वेल्डर, फरशीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा उरलाच नव्हता, फक्त रंग आणि डांबर.

पिंजऱ्याचे पाय नेमके तिथेच यायचे होते. सडक्या पत्र्यावर उभा केलेला पिंजरा गाडी उलटल्यावर फरशी फाडून खाली जातो. आम्ही दोन्ही बाजूंचा पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापत गेलो आणि नवा जोडला, त्यात तीन शनिवार-रविवार गेले. मग गाडी ट्रेलरवर घालून पिंजरा बांधणाऱ्याकडे नेली. आमच्या वजनाच्या गाडीला दीड इंच व्यासाची, ०.०९५ इंच जाडीची डीओएम (साच्यावरून ओढून काढलेली पोलादी) नळी वापरली. वेल्डिंग येत असलं तरी पहिला पिंजरा स्वतः करू नका, असं मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. आणि पिंजरा बसल्यावर ती गाडी रस्त्यावर चालवू नका. हेल्मेट नसताना तीच नळी तुमच्या कवटीपासून वीतभर अंतरावर असते.

हेल्मेट मोटरसायकलचं चालत नाही, हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचं, एसए शिक्क्याचं लागतं, कारण त्यात आगीचीही चाचणी असते. मानेच्या उपकरणाची गोष्ट मला जवळची आहे. पट्टे छातीला धरून ठेवतात पण धडकेत डोकं पुढे जातच राहतं, आणि कवटीच्या तळाचं हाड मोडतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग, यांनी १९८० च्या दशकात हॅन्स तयार केलं: खांद्यांवर पट्ट्यांखाली बसणारी कॉलर आणि तिच्यापासून हेल्मेटला जाणारे दोर. बराच काळ ते थोड्यांनीच वापरलं. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत प्रसिद्ध रेसर डेल अर्नहार्ट यांचा धडकेत मृत्यू झाला आणि त्याच वर्षी नॅस्कारने, म्हणजे ती शर्यत घेणाऱ्या अमेरिकी संस्थेने, असं उपकरण सक्तीचं केलं. आता आमच्यासारख्या हौशी गाडीतही त्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. पैसे वाचवायला हे जुनं घेऊ नका. पट्ट्यांवरही तारीख छापलेली असते, ती वाचा.

आता ब्रेक. माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे.

नवे पॅड घातले, नव्या डिस्क घातल्या, ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढली आणि काम झालं असं मी धरून चाललो. शर्यतीच्या शनिवारी दुपारी गाडी चालवायची पाळी माझी होती. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी पाय ठेवला आणि पेडल थेट फरशीला टेकलं. दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं लागलं, तोवर मी गवतात होतो. कोणाला काही झालं नाही. गाडी ट्रकने ओढून आणली आणि आमचा शनिवार तिथेच संपला.

रात्री नऊ वाजता, म्हणजे सांगलीत रविवारची सकाळ, वडिलांना, आप्पांना, फोन केला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ब्रेक ऑइल कुठलं घातलंस?”

“एअर नीट काढली होती, आप्पा.”

“एअर नाही विचारली मी. ऑइल कुठलं?”

नवं घातलंच नव्हतं. एअर काढताना वरून थोडं साधं ऑइल ओतलं होतं, बाकी जुनंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश लागतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं.

उष्णता किती, याचा हिशेब मी त्या रात्री कागदावर केला. ड्रायव्हरसकट साडेबाराशे किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ७० वर आणायची तर एका ब्रेकमध्ये सुमारे दहा लाख ज्यूल बाहेर टाकावे लागतात. तीन लिटर गार पाणी उकळीला आणायला साधारण तेवढेच लागतात. दर दोन मिनिटांच्या फेरीत एकदा, शिवाय बाकीची वळणं, आणि यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित आहे हे. मी ते आठ महिन्यांत एकदाही केलं नव्हतं.

शेजारच्या टीमने तीनशे अंशांच्या वर उकळणाऱ्या रेसिंग ऑइलच्या दोन बाटल्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. आम्ही सगळं जुनं ऑइल बाहेर काढलं. ते चहासारखं होतं. डिस्कमागचे धूळ अडवणारे पत्रे काढले आणि समोरच्या बंपरपासून तीन इंची पाइप डिस्कपर्यंत नेले, म्हणजे धावताना हवा लागेल. रात्री अडीचला संपलं. रविवारी गाडी पूर्ण वेळ पळाली. शेवटचा झेंडा घेऊन आत आली तेव्हा आम्ही एकूणात अठ्ठेचाळिसावे होतो आणि आमचा सांगलीचाच मित्र, शेवटची पाळी त्याची होती, हेल्मेटमध्ये रडत होता.

टायरचं थोडक्यात: शर्यतीचे मऊ टायर चालत नाहीत, साधारण २०० ट्रेडवेअरचे (टायरवर छापलेला झिजेचा आकडा; जितका मोठा तितका टायर टिकाऊ) घ्या. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढच्या टायरची बाहेरची कड खाते. कंपनीच्या अलाइनमेंटवर ठेवलीत तर दुपारपर्यंत कडेला टायरच्या आतल्या लोखंडी तारा दिसतील. चाकांचा वरचा भाग आत झुकवा, अडीच-तीन अंश. पेट्रोल भरताना ड्रायव्हर बाहेर, इंजिन बंद, भरणारा पूर्ण सुटात आणि शेजारी एकजण आग विझवायचं सिलिंडर हातात घेऊन; याची घरी रिकाम्या कॅनने तालीम करा.

करिअरबद्दल विचारतात म्हणून सांगतो. तेव्हा मी सीटच्या चौकटींची रेखाटनं करत होतो. त्या शनिवारनंतर डिस्कवर तापमानाप्रमाणे रंग बदलणारा रंग लावायला लागलो आणि प्रत्येक पाळीनंतर वहीत नोंदी: पॅडची जाडी, रंग, पेडल कसं लागतंय. पुढच्या वर्षी ब्रेक चाचणीच्या जागेसाठी मुलाखत होती, ती वही सोबत नेली. बहुतेक वेळ ते वहीतलंच विचारत होते, विशेषतः चुकलेलं. आज मी तेच काम करतो. पण विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर असाल तर परवानगीशिवाय रेस शॉपमध्ये पगारी काम धरू नका, आणि आरोग्यविम्याच्या पॉलिसीत मोटर रेसिंग वगळलंय का ते आधी वाचा.

सुरुवात गाडी घेऊन करू नका. एससीसीएच्या (अमेरिकेतला हौशी रेसिंगचा क्लब) स्थानिक शाखा मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून ऑटोक्रॉस, म्हणजे एकेका गाडीची वेळेविरुद्धची शर्यत, घेतात, तिथे रोजची गाडी चालते. त्याआधी एक दिवस ट्रॅकवर झेंडेवाल्याचं स्वयंसेवी काम करा. पिवळा, काळा, निळा झेंडा कधी निघतो ते वळणावर उभं राहून कळतं, आणि कुठल्या गाड्या तिसऱ्या तासाला धूर सोडतात तेही. मग एखाद्या टीममध्ये पाना धरायला जा.

आमच्या प्रोटेजेचं पुढच्या उजव्या चाकाचं हब वाजायला लागलंय. बेअरिंग प्रेसने काढावं लागेल. शनिवारी सकाळी आठला गॅरेज उघडतो. बघायचं असेल त्यांनी जुने कपडे आणि बंद बूट घालून यावं.