समुद्राची नोंद ठेवण्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर गेल्या शतकभरात समुद्राची पातळी वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटरच्या आसपास वाढली, हे आज सांगता येतं ते अशा जुन्या केंद्रांमुळे. समजा दुरुस्तीसाठी भरतीमापक काढला आणि परत बसवताना तो एक सेंटिमीटर वर-खाली झाला, तर सात-आठ वर्षांची खरी वाढ तेवढ्या फरकात बुडून जाते. म्हणून त्याच्या जवळपास पक्क्या जमिनीत बेंचमार्क, म्हणजे उंचीची कायमची खूण, असतो आणि यंत्राची उंची त्याच्याशी पुनःपुन्हा ताडून पाहावी लागते. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, कारण निरीक्षण यंत्रणा उभी करणं म्हणजे उपकरणं बसवणं असा समज घेऊन मुलं येतात. बसवायला पैसा मिळतो, फोटो निघतात. पुढची वीस वर्षं तीच नोंद, त्याच पद्धतीने, खंड न पडता चालू ठेवायला माणसं लागतात. तुमची गरज आहे ती तिथे.

भारताची यंत्रणा एका संस्थेची नाही आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच उडतो. खोल समुद्रातले नांगरलेले बोये, म्हणजे तरंगती मापनयंत्रं, चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयओटी, सांभाळते. भरतीमापकांचं जाळं प्रामुख्याने सर्व्हे ऑफ इंडियाचं. सगळीकडून येणारी माहिती गोळा करून अंदाज आणि इशारे देण्याचं काम हैदराबादच्या इन्कॉइसचं, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचं. गोव्यातल्या दोना पावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, संशोधन करते. उपग्रह इस्रोचे आणि हवामान आयएमडीचं, म्हणजे भारतीय हवामान विभागाचं. अर्ज करण्याआधी एवढं डोक्यात स्पष्ट असलं, की आपल्याला कुठलं काम करायचंय हे आपोआप उमगतं.

हे जाळं घट्ट विणलं गेलं ते २६ डिसेंबर २००४ नंतर. त्या सकाळी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्या वेळात हजारो माणसं किनाऱ्यापासून लांब जाऊ शकली असती, पण हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. ऑक्टोबर २००७मध्ये इन्कॉइसमध्ये इशारा केंद्र सुरू झालं. भूकंपमापक, समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक, तिन्हींची माहिती तिथे सतत येत असते. यातलं एखादं यंत्र बंद पडलं तर एरवी कुणाला काहीच जाणवत नाही. म्हणूनच ते चालू आहे ना, हे रोज पाहणाऱ्या माणसाला मी फार मानते.

मी भौतिकशास्त्र शिकून इकडे आले आणि समुद्र खरा कळला तो कोकणात, रत्नागिरीसमोरच्या लाटमापक बोयामुळे. पिवळा गोल बोया, वर दिवा आणि अँटेना, खाली रबरी दोर, मग साखळी आणि वजन. रबर अशासाठी, की बोयाला लाटेबरोबर मोकळेपणी वर-खाली होता आलं पाहिजे. त्याच्यावर शेवाळ आणि बार्नॅकल, म्हणजे चिकटून राहणारे कवचधारी जीव, चढतात, वजन वाढतं, हालचाल मंदावते. पावसाळ्यात तिकडे जाणं कठीण, त्यामुळे साफसफाई आणि दोर बदलणं मे महिन्यापूर्वी उरकावं लागतं. त्याच पावसाळ्यातल्या लाटांची नोंद सगळ्यात मोलाची असते, म्हणून हे वेळापत्रक चुकवून चालत नाही.

बोयाखाली मासे जमतात. तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूखाली ते जमतातच आणि हे तांडेलांना, म्हणजे मासेमारी होड्यांच्या प्रमुखांना, आपल्याआधी ठाऊक असतं. मग जाळी आत अडकते, कुणी बोयाला होडी बांधतो, कधी सौर पॅनल गायब होतं. आपल्या समुद्रातले कितीतरी बोये असे निकामी झालेत. माझ्या मते याचा दोष बहुतेक वेळा आपल्या न बोलण्याचा असतो. बंदरावर बसून, "काका, तुम्हाला मोबाइलवर उंच लाटांचा इशारा येतो ना, तो बरोबर आला की नाही हे या बोयावरून तपासतात," असं सांगितल्यावर चित्र बदलताना मी पाहिलंय. नंतर त्याच तांडेलाचा फोन येतो, "मॅडम, तुमचा दिवा लागत नाहीये." संभाव्य मासेमारी क्षेत्राची, म्हणजे मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याची, माहिती मराठीतही मिळते. ती आधी वाचा, मग बंदरावर जा.

माहिती तपासण्याचं काम कंटाळवाणं समजलं जातं. मला ते सगळ्यात आवडतं. संगणक मर्यादेबाहेरचे किंवा अचानक उसळलेले आकडे वेगळे काढतो, पण ते चूक आहेत की खरे हे त्याला सांगावं लागतं. हिवाळ्यात रत्नागिरीला वारा पडलेला असताना वायव्येकडून लांब लाटा येतात. नवा मुलगा म्हणतो, दिशा मोजणारा सेन्सर बिघडला. खरं तर अरबस्तानाकडे शमाल नावाचे वायव्येचे वारे सुटलेले असतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा दोनेक दिवसांत आपल्याकडे पोहोचतात. तसंच ३ जून २०२०चं. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तशा दिवशी आकडे उसळणारच. म्हणून संशयास्पद आकडा कधीही पुसू नये, त्याला खूण करून ठेवावी. दहा वर्षांनी कुणाला तरी तोच हवा असतो.

आता प्रवेशाचं. भौतिकशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन, कुठूनही येता येतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ आहे. पीएच.डी.साठी सीएसआयआर नेट या परीक्षेचा पृथ्वीविज्ञानाचा पेपर किंवा गेट ही परीक्षा. इन्कॉइसच्या आवारातल्या प्रशिक्षण केंद्रात छोटे अभ्यासक्रम होतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सुरुवातीची बरीच पदं प्रकल्पावरची, कंत्राटी असतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

नोकरीची वाट पाहत बसू नका. आर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप वर-खाली होणारं मापनयंत्र, १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो आणि दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून तापमान, क्षारता मोजत वर येतो. जगभरात असे सुमारे ४,००० आहेत आणि त्यांची माहिती कुणालाही फुकट मिळते. अरबी समुद्रातला एखादा निवडा, मे २०२१च्या तौक्ते वादळाच्या आधीचं आणि नंतरचं तापमान पायथन या संगणकभाषेत आलेखावर शेजारी शेजारी काढा, फरक कशामुळे पडला ते पानभर मराठीत लिहा. फ्लोट वादळाच्या वाटेपासून किती लांब होता तेही लिहा. अर्जासोबत तो आलेख जोडा, मुलाखतीत त्याच्यावरच प्रश्न येतील.